बोका पाळावा की भाटी?



मागच्या भागाखाली बेळगावहून एका ताईंचा प्रश्न आला होता, तो आधी वाचून दाखवतो. त्यांच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये, वॉचमनच्या खोलीमागे, एका मांजरीनं पिल्लं घातली. चार होती, दोन उरली. एक पिवळं-पांढरं, दुसरं करड्या पट्ट्यांचं. वॉचमनकाका म्हणतात, पिवळा तो बोका आणि पट्टेवाली ती भाटी. ताईंच्या मुलीला त्यातलं एक घरी आणायचंय. सासूबाई म्हणतात, "बोका नको, घरभर मुतत फिरतो आणि एक दिवस पळून जातो." शेजारच्या काकू म्हणतात, "भाटी तर मुळीच नको. वर्षातून दोनदा पिल्लं घालेल, ती कोण सांभाळणार?" ताई विचारतात, दादा, कुणाचं ऐकू?

गंमत अशी की सासूबाईंचंही खरं आहे आणि काकूंचंही. दोघींनी जे पाहिलं तेच सांगितलंय. फक्त दोघींनी पाहिलेली मांजरं नसबंदी न झालेली होती. बोका असा असतो आणि भाटी तशी असते, असं आपण ज्याला म्हणतो, त्यातला फार मोठा भाग हा त्या जनावराचा स्वभाव नसतोच, ते त्याचे हार्मोन्स बोलत असतात. आज हेच जरा सविस्तर बघायचंय. आणि बोक्याच्या बाबतीत एक गोष्ट अशी आहे की ती माहीत नसली तर जीव जातो. तीही सांगणार आहे, म्हणून हा भाग अर्ध्यावर सोडू नका.

मी काही पशुवैद्य नाही, हे नव्यानं आलेल्यांना सांगून ठेवतो. बडोद्यात राहतो, घरात लहानपणापासून मांजरं आहेत, आणि जे सांगतो ते वाचून, डॉक्टरांना विचारून आणि हातापायांवर ओरबाडे घेऊन शिकलेलं आहे.

आधी शब्दांचं बघू. नराला बोका म्हणतात हे सगळ्यांनाच माहीत आहे. मादीला भाटी हा जुना शब्द. आमच्यासारख्या गुजरातेत वाढलेल्या मराठी घरांत तो फारसा ऐकू येत नाही, आम्ही सरळ मांजरी म्हणतो किंवा मनी म्हणतो. आज मात्र मी भाटीच म्हणणार आहे, कारण नुसतं 'मांजर' म्हटलं की नर की मादी हे कळत नाही. ते मांजर. नपुंसकलिंग! व्याकरणानं एका फटक्यात जे करून टाकलं ते आपल्याला डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेऊन करावं लागतं.

आता बोक्याकडे येऊ. पाच-सहा महिन्यांचा होईपर्यंत बोका आणि भाटी यांच्यात वागण्याचा फारसा फरक दिसत नाही. दोघंही पडद्यावर चढतात, दोघंही पायाला चावतात. मग बोक्याच्या अंगात टेस्टोस्टेरॉन वाढायला लागतं आणि हळूहळू सगळं बदलतं. गाल फुगतात, मान जाड होते, कातडी निबर होते. गल्लीतला जुना दांडगा बोका आठवा, त्याचं ते रुंद तोंड. ते नुसतं खाऊन आलेलं नसतं, हार्मोन्समुळे आलेलं असतं. हाणामारीत गालावर आणि मानेवरच दात लागतात, तिथे ही जाडी कामाला येते.

त्याचं फिरणंही वाढतं. भाटी आपल्या अन्नाच्या आणि पिल्लांच्या आसपास राहते. बोका जिथे जिथे भाट्या आहेत तो सगळा टापू आपल्या फेरीत घेतो, आणि तो टापू भाटीच्या टापूच्या कित्येक पट मोठा असू शकतो. म्हणून तो दोन-दोन, चार-चार दिवस घरी येत नाही. आपल्याला वाटतं त्याला घराची माया नाही. माया असते हो, पण अंगातली ओढ त्याहून मोठी असते. आणि येतो तेव्हा कान फाटलेला, पायावर दात रुतलेले. मांजराचे सुळे बारीक आणि खोल जातात, वरून जखम मिटते आणि आत पू होतो. हे चावे आणखी एका कारणानं वाईट. मांजरांमध्ये एफआयव्ही नावाचा विषाणू असतो, तो मुख्यतः चाव्यातूनच पसरतो, आणि म्हणूनच तो भांडखोर, भटक्या बोक्यांत जास्त सापडतो. माणसाला त्याचा काही धोका नाही, एवढं घाबरू नका.

आणि मग ते मुतणं, ज्याची सासूबाईंना धास्ती आहे. इथे एक बारकावा लक्षात घ्या, तो पुढे फार उपयोगी पडणार आहे. मांजर साधी लघवी करतं तेव्हा ते बसतं आणि जमिनीवर करतं. खूण करायची असते तेव्हा ते उभं राहतं, भिंतीकडे किंवा दाराकडे पाठ करतं, शेपटी ताठ वर, टोक थरथरतं, आणि मागच्या मागे थोडीशी पिचकारी मारतं. इंग्रजीत याला स्प्रेइंग म्हणतात. हे घाण करणं नाही, हा फलक आहे. 'मी इथे राहतो, अमुक वेळी इथून गेलो' असं त्यावर लिहिलेलं असतं. आपल्याला फक्त वास येतो, बाकीच्या मांजरांना मजकूर वाचता येतो.

तो वास एवढा उग्र का, याचंही उत्तर आता मिळालेलं आहे. बोक्याच्या लघवीत फेलिनीन नावाचं गंधक असलेलं एक द्रव्य असतं. ते ताजं असताना त्याला फारसा वास नसतो, हवेत विघटन झालं की त्यातून तो कुजका, नाकात बसणारा दर्प येतो. २००६ साली मियाझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमध्ये दाखवून दिलं की मांजराच्या मूत्रपिंडात तयार होणारं कॉक्सिन नावाचं एक प्रथिन या फेलिनीनच्या निर्मितीमागे असतं. हे प्रथिन नसबंदी न झालेल्या बोक्यांत भरपूर असतं आणि नसबंदी झाली की खूप घटतं. म्हणजे नसबंदीनंतर बोका चुकून कोपऱ्यात मुतलाच, तरी तो 'बोक्याचा वास' तसा राहत नाही.

जाता जाता एक. असा वास घालवायला आपल्याकडे पहिला हात फिनाइलच्या बाटलीकडे जातो. मांजर असलेल्या घरात फिनाइल वापरू नका. त्यातल्या फिनॉलसारख्या द्रव्यांचा निचरा करायची ताकद मांजराच्या यकृतात नसते. ओल्या फरशीवर चालतं, मग पाय चाटतं, आणि विषबाधा होते. एन्झाइमवालं क्लीनर मिळालं तर उत्तम, नाहीतर साधं कपड्यांचं डिटर्जंट आणि भरपूर पाणी.

बरं, आता भाटी. आमच्याकडे उत्तरायणाला सगळं शहर गच्चीवर असतं, दिवसभर पतंग. आणि त्याच सुमाराला रात्री गच्च्यांवरून वेगळेच आवाज सुरू होतात, तान्हं मूल रडतंय की काय असे. यात योगायोग नाही. भाटीचं माजावर येणं दिवसाच्या लांबीशी बांधलेलं असतं. दिवस मोठा व्हायला लागला की तिच्या शरीराला इशारा मिळतो. घरात रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतील तर घरातल्या भाटीला तर वर्षभर उन्हाळाच वाटतो आणि ती कधीही माजावर येऊ शकते.

पहिल्यांदा भाटी पाळणाऱ्यांचे सगळ्यात घाबरलेले मेसेज याच गोष्टीवरून येतात. "दादा, आमची मनी सकाळपासून जमिनीवर लोळतेय, विचित्र ओरडतेय, मागचा भाग वर करून पाय आपटतेय. पोटात दुखतंय का? काही चावलं का?" बहुतेक वेळा काही चावलेलं नसतं. ती सात-आठ महिन्यांची झालेली असते, कधी कधी तर चार-पाच महिन्यांचीच, आणि पहिल्यांदा माजावर आलेली असते. हे साधारण आठवडाभर चालतं. बोका भेटला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. पुन्हा तेच. भाटीचं बीज आपोआप सुटत नाही, संग झाल्यावरच सुटतं, त्यामुळे संग होईपर्यंत शरीर पुन्हा पुन्हा तयारीत येतं. याच कारणानं एका वेतातली पिल्लं वेगवेगळ्या बोक्यांची असू शकतात. बेळगावच्या त्या दोन पिल्लांचा बाप एकच असेल असं समजायचं कारण नाही. आणि हो, या काळात भाटीही भिंतीवर पिचकारी मारू शकते. तो काही फक्त बोक्याचा मक्ता नाही.

नऊ आठवड्यांनी पिल्लं. आणि इथे भाटीचा तो स्वभाव दिसतो ज्याला आपण रागीट म्हणतो. एरवी मांडीवर झोपणारी मांजरी पिल्लं झाल्यावर आपल्याच माणसावर फिसकारते, कुत्र्यावर धावून जाते. जागा बदलत राहते. आपल्याकडे म्हणतात ना, मांजरी पिल्लांना सात घरं दाखवते. सातचा आकडा सोडून द्या, पण निरीक्षण पक्कं आहे. जागेला वास सुटला, कुणी सारखं डोकावायला लागलं, आसपास अनोळखी बोका दिसला, की ती पिल्लाची मान तोंडात धरते आणि निघते. बोके पिल्लं मारतात हेही पूर्ण खोटं नाही, तशा नोंदी आहेत, पण ते रोजचं नाही. पुष्कळ बोके पिल्लांकडे ढुंकूनही बघत नाहीत.

शिकारीतही पिल्लं असलेली भाटी सगळ्यांच्या पुढे असते. तिला चार तोंडं भरायची असतात. आधी मेलेला उंदीर आणून टाकते, मग अर्धमेला, मग जिवंत आणून पिल्लांसमोर सोडते आणि बाजूला बसून बघते.

आणि एक गैरसमज: मांजर एकलकोंडं असतं, हा. जिथे खायला भरपूर असतं, म्हणजे मासळी बाजार, गोठा, हॉटेलची मागची बाजू, तिथली मांजरं नीट बघा. ती बायकांची वस्ती असते. आई, तिच्या मुली, मावश्या. एकमेकींच्या पिल्लांना पाजतात, एकमेकींची पिल्लं राखतात. बोका त्या वस्तीच्या कडेकडेनं येतो-जातो. माझ्या आजीच्या घरामागे अशी तीन पिढ्यांची वस्ती होती आणि आजी त्यांना 'महिला मंडळ' म्हणायची.

इथपर्यंत सगळा फरक खरा आहे आणि मोठा आहे. आता नसबंदी करा आणि पुन्हा बघा.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या बेंजामिन हार्ट यांनी या विषयावर पुष्कळ काम केलंय. त्यांच्या आणि लेस्ली कूपर यांच्या १९८४च्या अभ्यासात अशी मांजरं होती ज्यांची नसबंदी वयात येण्याआधीच झालेली होती. मोठेपणी त्यातले साधारण १० टक्के बोके आणि ५ टक्के भाट्या वारंवार पिचकारी मारत होत्या. म्हणजे फरक शून्य झाला नाही, बोके अजूनही दुप्पट. पण दहातले नऊ बोके ते करतच नाहीत. आणि मोठ्या झालेल्या बोक्याची नसबंदी केली तरीही बहुतेकांचं भटकणं, भांडणं आणि पिचकारी कमी होते. कुणाची लगेच, कुणाची काही आठवड्यांनी. 'आता वय झालं, आता करून काय उपयोग' असं म्हणू नका.

दुसरा एक अभ्यास मला फार आवडतो, कारण तो आपल्यासारख्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांच्या कामाचा आहे. अमेरिकेतल्या जॉर्जियामध्ये किंबर्ली बॅरी आणि शॅरन क्रोवेल-डेव्हिस यांनी ६० घरं निवडली. प्रत्येक घरात दोन मांजरं, दोन्ही नसबंदी झालेली, दोन्ही घरातच राहणारी. काही घरांत दोन बोके, काहींत दोन भाट्या, काहींत एक-एक. घरी जाऊन बसून त्यांनी पाहिलं की कोण कुणाला चाटतं, कोण कुणावर गुरकावतं. १९९९ साली ते छापून आलं. भांडणाच्या बाबतीत नर-मादी यानं म्हणण्यासारखा फरक पडत नव्हता. फरक कशानं पडत होता? किती काळ एकत्र राहतायत, यानं. जितकी वर्षं जास्त, तितकं गुरगुरणं कमी. आता दोन बोके एकत्र ठेवू नका, मारामारी करतात, असं सांगणारे पन्नास लोक मला भेटलेत. ते गल्लीतले बोके बघून सांगत असतात.

मग उरतं काय? बोका अंगानं थोडा मोठा राहतो, साधारण एखादा किलो जास्त. नसबंदीनंतर भूक वाढते आणि शरीराची गरज घटते, हे दोघांचंही होतं, त्यामुळे वाटी मोजून भरावी लागते. एक मजेशीर गोष्ट २००९ साली बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात डेबोरा वेल्स यांना दिसली. ४२ घरगुती मांजरांसमोर अरुंद तोंडाच्या बरणीत टूना मासा ठेवला. बहुतेक भाट्यांनी तो उजव्या पंजानं काढला, बहुतेक बोक्यांनी डाव्या. घरी करून बघा, बरणीत पंजा अडकणार नाही एवढं बघा. मात्र याचा प्रेमळपणाशी काही संबंध नाही.

"पण दादा, बोके जास्त प्रेमळ असतात हे खरं ना? आमचा पिवळ्या बघा." ही कमेंट दर भागाखाली असते. पिवळ्यांचं गणित ऐका. पिवळ्या-नारिंगी रंगाचा बदल एक्स गुणसूत्रावर असतो. नेमका कुठे, ते शोधायला शंभरेक वर्षं लागली. २०२५ साली जपानच्या क्युशू विद्यापीठातल्या आणि अमेरिकेच्या स्टॅनफर्डमधल्या गटांनी स्वतंत्रपणे तो छापून जाहीर केला. बोक्याकडे एक्स एकच, त्यामुळे एक मिळाला की तो पूर्ण पिवळा. भाटीकडे दोन, दोन्हीवर तो बदल हवा, नाहीतर ती काळी-पिवळी किंवा तिरंगी होते. म्हणून दर पाच पिवळ्यांत साधारण चार बोके असतात आणि तिरंगी मांजर जवळजवळ नेहमीच भाटी असते. आता तुम्ही पिवळी मांजरं प्रेमळ म्हणता तेव्हा तुम्ही रंगाबद्दल बोलताय की बोक्यांबद्दल की खिडकीत बसून लाड करून घेणाऱ्या तुमच्या एकट्या पिवळ्याबद्दल? मला विचाराल तर तिसरं.

माणसाळलेपण ठरतं ते दुसऱ्याच दोन गोष्टींनी. पहिली, वय दोन ते सात आठवडे. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातल्या आयलीन कार्श यांनी दाखवलं की या काळात ज्या पिल्लांना माणसांनी रोज हातात घेतलं ती पुढे माणसाजवळ येतात. ही खिडकी बंद झाली की तेच काम महिनोन्महिने करावं लागतं. दुसरी गोष्ट, बाप. १९९५ साली सँड्रा मॅक्यून यांनी पाहिलं की धीट बापाची पिल्लं धीट निघतात. लक्षात घ्या, ती पिल्लं बापाला कधी भेटलेलीही नसतात. तेव्हा बेळगावच्या ताईंना माझा प्रश्न हा की, त्यांची मुलगी रोज पार्किंगमध्ये जाऊन त्या पिल्लांना हातात घेते का? कोणतं पिल्लू आपणहून पुढे येतं? नर की मादी हे त्यानंतर.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी तुम्हाला थांबवून ठेवलंय.

आमच्याकडे मन्या होता. आणला तेव्हा मनी होती, पाचव्या महिन्यात मन्या झाला, ते असो. नसबंदी सहाव्या महिन्यात झालेली. तीन वर्षांचा असताना एका शनिवारी तो बेसिनमध्ये चढून बसला आणि दोन थेंब मुतला. मग बाथरूमच्या कोपऱ्यात. मग माझ्या चपलेवर. मी काय केलं असेल? रागावलो. लिटर ट्रे स्वच्छ होता, तरी हा बाहेर करतोय म्हणून त्याला दोनदा दटावलं, बाथरूमचं दार लावून टाकलं. ओळखीतल्या एकांना फोन केला, त्यांनी सांगितलं, "बोके करतातच तसं, बाहेरचं मांजर दिसलं असेल." पटलं मला. रविवारी तो पलंगाखाली गेला आणि जेवायला आला नाही. रात्री एकदा उलटी केली. सोमवारी सकाळी मी त्याला बाहेर ओढलं तेव्हा पोटाला हात लागला आणि तो किंचाळला. पोटात लिंबाएवढं काहीतरी टणक होतं. ते त्याचं तुंबलेलं मूत्राशय होतं.

त्याला लघवी होतच नव्हती. मी ज्याला खोडी समजत होतो ते तो दीड दिवस प्रयत्न करत होता. डॉक्टरांनी गुंगी देऊन नळी घातली, तीन दिवस ठेवून घेतलं. "संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर मी काही करू शकलो नसतो," एवढंच ते म्हणाले, तेही मी विचारलं म्हणून. मन्या वाचला. पण ते बाथरूमचं लावलेलं दार मला अजून आठवतं.

बोका आणि भाटी यांच्यातला हा असा एक फरक आहे जो नसबंदीनं जात नाही, कारण तो हार्मोन्सचा नाही, नळाचा आहे. भाटीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असतो. बोक्याचा लांब, आणि टोकाशी फार अरुंद. मूत्राशयाला सूज आली, बारीक खडे झाले, चिकट बूच तयार झालं, की भाटीला त्रास होतो पण सहसा वाट निघते. बोक्याची वाट बंद होते. लघवी मागे तुंबली की मूत्रपिंडं थांबतात, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडतं. पूर्ण अडल्यापासून एक-दोन दिवसांत हे होऊ शकतं.

म्हणून मघाशी सांगितलेला बारकावा. उभं राहून, शेपटी वर, भिंतीवर पिचकारी: ती खूण. बसून, पुन्हा पुन्हा, कुंथत, थेंब थेंब किंवा काहीच नाही, सारखं मागे चाटणं, ट्रेमध्ये ओरडणं: ही इमर्जन्सी. रविवार असो, दिवाळी असो, रात्रीचे दोन असोत, डॉक्टर शोधायचा. पुष्कळांना वाटतं संडास अडलाय, आणि ते दूध किंवा एरंडेल पाजत बसतात. तसं करू नका. पोट दाबून बघू नका, मूत्राशय फुटू शकतं. आणि माणसांची दुखण्याची गोळी तर चुकूनही नको. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

टाळण्यासाठी काय करता येतं? पाणी. पाण्याचे दोन-तीन वाडगे, खाण्याच्या वाटीपासून दूर. कोरड्या दाण्यांबरोबर ओलं खाणं. वजन आटोक्यात. जितकी मांजरं त्यापेक्षा एक ट्रे जास्त. आणि घरात रंगकाम, पाहुणे, नवं जनावर असं काही चालू असेल तेव्हा बोक्याच्या ट्रेकडे रोज नजर. मन्याच्या वेळी आमच्याकडे लग्नघर होतं.

नसबंदीबद्दल नेहमी येणारे प्रश्न झटपट घेतो. वय? चार-पाच महिने, म्हणजे वयात येण्याआधी. बोक्याची शस्त्रक्रिया किरकोळ असते. मात्र नसबंदीनंतरही काही आठवडे त्याला माजावरच्या भाटीपासून लांब ठेवा, आधीचं बीज शिल्लक असू शकतं. भाटीचं पोट उघडावं लागतं, तिला दहाएक दिवस जपायला लागतं, म्हणून लोक टाळतात. पण टाळण्याची किंमत तिच्यासाठी जास्त आहे. गर्भाशयात पू होणं हा नसबंदी न झालेल्या भाट्यांचा जीवघेणा आजार आहे. आणि स्तनाच्या कर्करोगाचं तर अमेरिकेतल्या एका अभ्यासात २००५ साली आलंय की सहा महिन्यांच्या आत नसबंदी झाली तर धोका ९१ टक्क्यांनी घटतो. 'एकदा तरी आईपण अनुभवू दे' हे आपलं मन बोलतं, तिच्या तब्येतीला त्याचा काही फायदा नाही. माज थांबवायच्या गोळ्या-इंजेक्शनं काही जण देतात, त्यांनी हे दोन्ही आजार उलट वाढतात.

शेवटचं म्हणजे पिल्लू नर की मादी ते ओळखायचं कसं. शेपटी हळूच वर करा. बोक्याचं पिल्लू असेल तर दोन गोल ठिपके दिसतील, एकाखाली एक, मध्ये चांगलं अंतर. आपल्या विसर्गासारखे. भाटी असेल तर वरचा ठिपका गोल, खालची उभी चीर, आणि दोन्ही अगदी जवळ. उद्गारचिन्ह उलटं धरल्यासारखं. एकच पिल्लू बघून चुकतं, दोन शेजारी शेजारी धरली की लगेच कळतं. तरी पहिल्या महिन्यात भलेभले चुकतात. मी चुकलोच होतो.

हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी बेळगावच्या ताईंचा पुन्हा मेसेज आला. त्यांनी दोन्ही पिल्लं आणली. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी पिवळा त्यांच्या पोथीच्या पाटावर झोपलेला सापडला आणि त्यांनी त्याला उठवलं नाही. लसीकरणाला नेलं तेव्हा डॉक्टरांनी दोघांच्या शेपट्या वर करून बघितल्या. दोन्ही बोके! मुलीनं पट्टेवालीचं नाव चिंगी ठेवून झालं होतं आणि ते बदलायला ती तयार नाही. चिंगी बोक्याची नसबंदी दोन महिन्यांनी आहे.